वाकलेल्या पाठीचं माप

आई, तुझं इरलं सापडलं. मागच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर, माळ्याच्या वाशाला टांगलेलं होतं. धुरानं इतकं काळं झालं होतं की दादानं जुनं टोपलं समजून ते अंगणात भिरकावलं. मी झाडत होते, ते माझ्या पायाशी येऊन पडलं. वहिनी आतून ओरडली, "अवं, ते आत्यांचं इरलं हाय. टाकू नगा." तुला ती अजून आत्याच म्हणते. आता ते पडवीत माझ्या शेजारी ठेवलंय आणि मी तुला हे लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातल्या निम्म्या गोष्टी मी दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ दिल्या नसत्या. तू गेल्याला बारा वर्षं झाली, तेव्हा आता ती अडचण उरलेली नाही.

आज शनिवार आहे. दादा मागचं स्वयंपाकघर पाडून तिथं दोन खोल्या काढतोय, पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांना भाड्यानं द्यायला. आपल्या माले गावात निम्म्या घरांनी हेच केलंय, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी सुट्टी काढून आले ती एका निर्णयासाठी, आणि आल्या आल्या हातात खराटा मिळाला. निर्णय असा होता, की हॉलंडमधल्या माझ्या ऑफिसनं विचारलं होतं, आमच्याकडं कायमची राहतेस का, राहणार असशील तर हा सगळा विभाग तू सांभाळ. आणि इकडं पिरंगुटच्या पुढं रेनकोट शिवणारा एक कारखाना आहे. त्यांना रस्ते झाडणाऱ्या, गटारं उपसणाऱ्या, भातलावणी करणाऱ्या माणसांसाठी पावसाळी कपडे करायचे आहेत, आणि त्यासाठी डिझायनर हवी आहे. दोघांनाही गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. काय उत्तर दिलं ते शेवटी सांगेन. तुला कुठलीही गोष्ट मधली गाळून शेवट आधी ऐकायची सवय होती, म्हणून मुद्दामच.

डिझायनर म्हणजे काय ते मी तुला तीनदा समजावून सांगितलं होतं. तिन्ही वेळा तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजी शिंप्याच्या आदीचा माणूस." याहून नेमकं मला पुढं कुणी सांगितलं नाही, पुस्तकांनीही नाही.

तू स्वतः शिंप्याच्या आधीचीही होतीस आणि नंतरचीही. वैशाख लागला की पडवीत बांबू फोडायला बसायचीस. कामट्या तासून तासून बोटांना चिरा पडायच्या, त्यांत तू हळद दाबायचीस आणि पुन्हा बसायचीस. कामट्यांच्या दोन जाळ्या, मधे पळसाची पानं, वरून पुन्हा बांधणी. डोक्यावरून निघून पाठीवरून खाली येणारी ती पालथी होडी घालून बाई दिवसभर चिखलात लावणी करायची आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. मालेतल्याच नव्हे, मुठ्याकडच्या बायकासुद्धा तुझ्याकडे यायच्या. आल्या की तू चहा नाही, पाणी नाही, आधी म्हणायचीस, "वाक." बाई वाकायची. तू मानेपासून माकडहाडापर्यंत सुतळी धरायचीस आणि गाठ मारायचीस. डोक्याचं माप कधी घेतलं नाहीस. "डोस्की समद्यांची सारकीच," म्हणायचीस. आकडा नाही, वही नाही. प्रत्येक माणसाची एक सुतळी खुंटीला लटकलेली असायची आणि कुठली कुणाची हे तुला अंधारातसुद्धा हातानं कळायचं. माणूस गेलं की तू त्याची गाठ सोडायचीस आणि ती सुतळी परसातल्या घोसाळ्याच्या वेलाला बांधायला वापरायचीस. मला ते लहानपणी फार विचित्र वाटायचं. आमच्या मांडवावर गावातली सगळी मेलेली माणसं आहेत असं मी एकदा शाळेत सांगितलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

गुरुजींचं इरलं आठवतंय? मी सहावीत होते. तू पौडला बाजाराला गेली होतीस आणि नेमके गुरुजी आले. त्यांचंही वावर होतं, सुट्टीच्या दिवशी ते स्वतः लावणीला उतरायचे. म्हणाले, "आई नाहीये का? मग तूच घे माप." मी सुतळी घेतली. आता गुरुजींना 'वाका' असं कसं म्हणायचं? रोज वर्गात ते आम्हाला वाकवायचे. मी काहीच म्हटलं नाही. तेही फोटोला उभं राहतात तसे हात खाली सोडून ताठ उभे राहिले. मी स्टुलावर चढून माप घेतलं, गाठ मारली आणि मोठं काम केल्यासारखी सुतळी खुंटीला अडकवली. तू त्या सुतळीवर इरलं विणलंस. आषाढात गुरुजी ते हातात घेऊन दारात आले, कमरेखाली पार भिजलेले. भला माणूस, रागावले नाहीत. "जरा लांडं झालंय," एवढंच म्हणाले.

तू ते इरलं त्यांच्या हातातून घेतलंस. ते गेल्यावर मला विचारलंस, "उभं करून घ्येतलंस?" मी मान खाली घातली. "गुरुजी आहेत ना ते," मी म्हणाले. "पाऊस काय गुरुजी बगून पडतुया?" तू म्हणालीस आणि तेच इरलं माझ्या डोक्यावर ठेवून मला खाचरात उतरवलंस. ते मला लांडं कसं होईल, गुरुजींच्या मापाचं होतं, माझ्या पोटऱ्यांपर्यंत यायचं. मग तू मागून आलीस आणि ते वर सरकवून बांधलंस, माझी कंबर उघडी पडेल असं. दुपारपर्यंत पाठीतून पाणी ओघळत राहिलं. संध्याकाळी मला हुडहुडी भरली तेव्हा तू मला चुलीपुढं बसवलंस, पाठ कोरडी केलीस आणि म्हणालीस, "उभ्या माणसाला छत्री लागती. इरलं लागतं वाकल्याला. त्याचं माप वाकल्यावरच घ्यायचं, मग तो कुनी का आसंना." मी तेव्हा तुझ्यावर आठ दिवस रुसले होते. तुझं बरोबर होतं, पण शिक्षा जास्त होती, हे मी आजही म्हणेन.

तुझं स्वतःचं माप मात्र मीच घ्यायचे. आपली वाकलेली पाठ आपल्याला मोजता येत नाही, हात पोचत नाही, आणि पोचवायला गेलं की पाठ वळते आणि माप चुकतं. दादाच्या हाताला ते जमायचं नाही, तो सुतळी ताणायचा. म्हणून दर दोन वर्षांनी तू पडवीच्या खांबाला धरून वाकायचीस आणि मी गाठ मारायचे. शेवटची मारली ती मी बारावीत असताना. नंतर मी डिझाइन शिकायला पुण्यात गेले. पावसाळ्यात परीक्षा, प्रकल्प, मैत्रिणींच्या सहली. माप राहून गेलं, आणि तू कधी आठवण केली नाहीस.

मी हॉलंडला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तू सुतळी घेऊन माझ्यामागं लागलीस. "वाक जरा." मी बॅग भरत होते. मी म्हणाले, "आई, तिथं कोण इरलं घालतं? मी टेबलाशी बसून काम करणार आहे." तू म्हणालीस, "बसलीस तरी वाकशीलच की." मी चिडले. बॅगेचं वजन जास्त झालं होतं, वहिनीनं दिलेले लाडू काढावे लागले होते, आणि वर तुझं हे. मी म्हणाले, "मी वाकायला नाही चालले तिकडं." हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं होतं. दादा हसला होता. तू सुतळी गुंडाळून कमरेला खोचलीस आणि माझे लाडू कागदात बांधायला घेतलेस. दुसऱ्या दिवशी पौडच्या एस.टी. स्टँडवर मी तुझ्या पाया पडले. तू पाठीवरून हात फिरवलास. गाडी लागली होती, लोक चढत होते, मी म्हणाले, "आई, चल, जागा मिळणार नाही." तू म्हणालीस, "थांब, झालं." मग मी चढले. खिडकीतून तू दिसत होतीस, पण माझ्याकडं बघत नव्हतीस, स्वतःच्या पंज्याकडं बघत होतीस. मला वाईट वाटलं होतं.

तिकडचं शहर सपाट आहे आणि ओलं. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण वर्षभर भुरभुरतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हातारी माणसंसुद्धा सायकलवरून जातात. मला पहिलं मोठं काम मिळालं ते सायकलवाल्यांसाठी पावसाळी अंगरखा करायचं. मी शिवणीच्या पुतळ्यावर तो बेतला, सुंदर दिसायचा. घालून सायकल चालवली की मात्र कमरेवर पाणी शिरायचं. तीन महिने मी कापड बदललं, शिवण बदलली, चिकटपट्टी बदलली. एका रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, आवाज का उतरलाय. मी सांगितलं. तू विचारलंस, "तितली मान्सं वाकत्यात का?"

"वाकतात. सायकलवर."

"शेतात न्हाई?"

"शेतात यंत्रं आहेत. सायकलवर समोरून वारा येतो, म्हणून वाकतात."

तू म्हणालीस, "माप उभ्यानं घ्येतलं आसशील. गुरुजींवानी."

मी त्या पुतळ्याकडं बघत राहिले. तो फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ उभा होता.

आई, पुढचं तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. सोमवारी मी ऑफिसातल्या सहा जणांना सायकलवर बसवलं, वाकायला लावलं आणि सुतळीनं माप घेतलं. तो अंगरखा चालला, खूप चालला. त्याच्यामुळं माझं नाव झालं, आणि ज्या खुर्चीवर मला कायमचं बसायला सांगताहेत ती खुर्चीही त्याच्याचमुळं. एका सभेत मला विचारलं, ही कल्पना सुचली कशी? समोर दोनशे माणसं होती. तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "निरीक्षणातून." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आईचं सांगितलं तर पाठोपाठ खाचर सांगावं लागेल, चिखल सांगावा लागेल, मग ते माझ्याकडं कौतुकानं बघतील आणि कामाकडं बघणार नाहीत. हे कारण त्या वेळी मला पटलं होतं. पुढं चार वेळा तोच प्रश्न आला आणि चारही वेळा मी तेच उत्तर दिलं.

मी ती सायकलवरची मापं घेत होते त्याच पावसाळ्यात तू फोनवर म्हणायला लागलीस की पाठ भिजतीया, पाठीत कळ येतीया. मी मलम लाव म्हणाले. दादाला सांगून रेनकोट आणून घे म्हणाले. ज्या बाईनं मला माप शिकवलं तिला मी बाजारातून रेनकोट आणायला सांगितलं. तू विचारलंस, "कवा येतीस?" मी म्हणाले, अंगरखा बाजारात आला की. भाद्रपदात दादाचा फोन आला. ताप छातीत उतरला, पौडच्या दवाखान्यात दोन दिवस होतीस, तिसऱ्या दिवशी गेलीस. मी पोचले तेव्हा राख भरून झाली होती. दादानं मला दोष दिला नाही. तेराव्यानंतर एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, "शेवटची दोन-तीन वरसं तिचं इरलं लांडं झालं हुतं. पोक आलं हुतं ना लई. म्या म्हनलं घेतो माप, तर म्हनली ऱ्हाऊ दे, ती आल्यावर घील." त्याला कल्पना नाही की त्यानं मला काय सांगितलं. मी उठून परसात गेले आणि घोसाळ्याच्या मांडवाखाली उभी राहिले.

मंगळवारी मी पिरंगुटचा तो कारखाना बघून आले. मालक तरुण आहे, भला वाटला. त्यानं पिवळे, नारिंगी अंगरखे दाखवले, सगळे ताठ पुतळ्यांवर. मी म्हणाले, "झाडणारी बाई अशी उभी राहून झाडते का?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, पुतळा वाकत नाही ना." मी त्याच्याकडं सुतळी मागितली. तिथली एक शिवणारी बाई पुढं आली. मी म्हणाले, "वाका." ती वाकली. पातळ खांदे, मणके वर आलेले, ब्लाउजच्या खाली पाठीची पट्टी उन्हानं काळी पडलेली. मी मानेवर सुतळी धरली आणि खाली आणताना माझा हात मधेच थांबला. मला पुढं जाता येईना. ती वाकल्या वाकल्या म्हणाली, "घ्या की ताई, कंबर आवघडली." मी कसंबसं माप घेतलं, गाठ मारली, सुतळी मालकाच्या हातात दिली, माप कसं घ्यायचं ते नीट समजावून सांगितलं आणि परतीची गाडी धरली.

माझं उत्तर त्या गाडीतच ठरलं. गुरुवारी पाठवलं. मी तिकडंच राहणार आहे. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस. हितं ऱ्हाऊन काय करनार? तितं तुजं नाव झालंय." वहिनीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यांना वाटतं मी नावासाठी जातेय. कागदावर मीही अशीच कारणं लिहिली, कामाचा आवाका, चांगली माणसं, चांगली यंत्रं. खरं कारण तुलाच सांगते. तिकडच्या वाकलेल्या पाठी अनोळखी आहेत. त्यांचं माप घेताना माझा हात मधेच थांबत नाही. इथं प्रत्येक पाठ तुझी दिसते. माझ्या कामाची जिथं खरी गरज आहे तिथंच मला काम करता येत नाही, म्हणून मी जिथं येतं तिथं जातेय. तू म्हणाली असतीस, पाऊस काय रडणारीला बघून थांबतो? बरोबर आहे. तरी मी जातेय.

आणि आज हे इरलं सापडलं. मी ते पुसलं. धूर लागल्यामुळं कामट्यांना कीड नाही, पानं मात्र कोळपून काळी झालीत. मला वाटलं तुझंच आहे, ते लांडं झालेलं. तुला ते किती कमी पडत होतं ते बघावं म्हणून उचललं, तर आतल्या बाजूला एक सुतळी बांधलेली दिसली, गाठ न सोडलेली. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "आत्यांचं इरलं म्हंजी आत्यांनी इनलेलं. घालायचं ते येगळं हुतं, फाटलं, गेलं. ह्ये तुमी गेल्या त्याच पावसाळ्यात इनलं त्यांनी. तुमचंच हाय म्हनायच्या. इमानात मावनार न्हाई म्हनून धुरावर ठेवलं, आल्यावर घालंल म्हनून. तुमी तेराव्याला आला तवा सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

माझं कसं असेल? मी तुला माप दिलंच नव्हतं. मी वाकायला नकार दिला होता, ऐटीत. वहिनी आत गेल्यावर मी ते डोक्यावर घेतलं आणि पडवीच्या खांबाला धरून वाकले. काजळी मानेवर सांडली. इरलं मानेपासून माकडहाडापर्यंत बरोबर बसलं, बोटभरही कमी नाही की जास्त नाही. आणि मग मला पौडचं स्टँड आठवलं. मी तुझ्या पायांवर वाकले होते आणि तुझा हात पाठीवरून फिरला नव्हता, तो चालला होता. मानेपासून एक वीत, मग दुसरी, मग तिसरी, कमरेपर्यंत. "थांब, झालं." आणि मग तू आपल्या पंज्याकडं बघत उभी राहिलीस, माप विसरू नये म्हणून.

दोन दिवस आधी सापडलं असतं तर माझं उत्तर बदललं असतं का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. नसतं बदललं, आई. इरलं इथंच राहील, वहिनीनं नव्या खोलीत नाही, पुढच्या घरातल्या आपल्या चुलीवर टांगायचं कबूल केलंय. पुढच्या वेळी कुणी विचारलं कल्पना कुठून आली, तर सांगेन असंही मी आता म्हणत नाही, कारण पाच वेळा सांगितलं नाही. एवढंच कबूल करते की आज पडवीत मी बराच वेळ तशीच वाकून राहिले. दादानं हाक मारली, काय सांडलंय म्हणून विचारलं, तरी उठले नाही. सरळ झाले असते तर तुझा हात उचलला गेला असता.